ड्रुइडांचे पवित्र दगड: आधी दगडाचं वय विचारा, मग गोष्टीचं

प्रश्न थोडक्यात असा होता: "जूनमध्ये इंग्लंड आणि वेल्सला चाललो आहोत. प्राचीन ड्रुइड कोणकोणते दगड पवित्र मानायचे? स्टोनहेंज हे त्यांचंच मंदिर ना? तिथल्या एका दगडावर नरबळी देत असत, ते खरं का? शिवाय ऑनलाइन एक भोक असलेला 'ड्रुइड स्टोन' मिळतोय, दृष्ट लागू नये म्हणून. घ्यावा का?"

माझं काम उत्खननाचं. शिक्षण पुण्यात झालं. पुढची बरीच वर्षं वेल्समध्ये रस्ता, पाइपलाइन किंवा घरांची नवी वसाहत होण्याआधी जमीन तपासणाऱ्या गटांबरोबर काम केलं. भर पावसात आम्ही चरात उतरून माती खरवडत असतो आणि वर कुत्रा फिरवायला आलेलं कोणीतरी थांबून विचारतं, "ड्रुइडांचं काही सापडलं का?" त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला सवयीने द्यावं लागतं, आणि ते एका वाक्यात कधीच बसत नाही.

तुम्ही विचारलेत चार प्रश्न, पण गाठ एकच आहे. दगड एका काळातला, ड्रुइड दुसऱ्या काळातले आणि त्या दोघांची सांगड घालणारी गोष्ट तिसऱ्याच काळातली. हे तीन काळ वेगळे केले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. उरलेलं उत्तर तुम्ही 'ड्रुइड' कोणाला म्हणता यावर अवलंबून आहे. गॉल जिंकणारा रोमन सेनापती ज्युलियस सीझर याच्या काळातले गॉलमधले (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधले) विद्वान-पुरोहित वेगळे, मध्ययुगीन आयरिश कथांतले राजदरबारी जादूगार वेगळे आणि आज पांढरे झगे घालून सूर्योदयाला जमणारे वेगळे. तिघांचा दगडांशी संबंध आहे, पण तो एकसारखा नाही.

आधी खुद्द प्राचीन ड्रुइडांबद्दल. त्यांनी स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. सीझर म्हणतो की त्यांच्यात काही जण वीस वर्षं शिकत, सगळं पाठांतराने, आणि आपली विद्या लिहून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. आत्मा मरत नाही, एकातून दुसऱ्यात जातो, अशी त्यांची शिकवण असल्याचंही तोच सांगतो. म्हणजे आपल्या हाती आहे ते परक्यांनी लिहिलेलं, आणि त्यातले बरेचसे त्यांच्याशी लढणारे. तरीही ते वाचण्यासारखं आहे, कारण त्यात दगड जवळपास नाहीतच. गॉलमधल्या कार्नुट जमातीच्या मुलखात एका पवित्र जागी ड्रुइडांची दरवर्षी सभा भरे, असं सीझर लिहितो. तिथे शिळा होत्या असं म्हणत नाही. रोमन लेखक थोरला प्लिनी ओकच्या झाडावरचं मिसलटो हे बांडगूळ, ते कापायचा सोन्याचा कोयता, चंद्राचा सहावा दिवस आणि दोन पांढरे बैल यांचं वर्णन करतो. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. 60-61 मध्ये रोमनांनी वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर केलेल्या हल्ल्याबद्दल लिहितो: किनाऱ्यावर हात उंचावून शाप देणारे ड्रुइड, मशाली घेऊन धावणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या बायका, आणि नंतर सैनिकांनी तोडलेल्या देवराया. कैद्यांच्या रक्ताने माखलेल्या वेदींचा उल्लेख तो करतो, पण उभ्या शिळांचं वर्तुळ त्याच्याही वर्णनात नाही.

जमिनीतला पुरावाही त्याच दिशेने जातो. अँगलसीवरच 1942-43 मध्ये विमानतळ बांधताना दलदलीतली काळी माती उपसून रेतीवर पसरत होते. तिच्यातून एक लोखंडी साखळी निघाली. कामगारांनी ती चिखलात रुतलेल्या लॉऱ्या ओढायला वापरली, आणि ती तुटली नाही. नंतर कळलं की ती कैद्यांच्या मानेत अडकवायची लोहयुगातली साखळी होती. त्याच जागी तलवारी, भाले, रथाचे भाग असा दीडशेहून जास्त वस्तूंचा साठा मिळाला. एका लहान तळ्यात, काठच्या खडकावरून त्या अर्पण केल्या असाव्यात. जागेचं नाव लिन केरिग बाख. ड्रुइडांच्या बेटावरचा, त्यांच्याच काळातला हा सर्वांत ठोस धार्मिक पुरावा, आणि तो पाण्यातला आहे.

आता स्टोनहेंज, दक्षिण इंग्लंडमधलं शिळावर्तुळ. तिथला गोल चर आणि बांध इ.स.पू. 3000 च्या सुमाराचा. मोठ्या शिळा उभ्या राहिल्या इ.स.पू. 2500 च्या आसपास. ड्रुइडांचे लेखी उल्लेख सुरू होतात ते इ.स.पू. शेवटच्या एक-दोन शतकांत. सीझर आपल्यापासून जितका दूर आहे, त्याहून स्टोनहेंज सीझरपासून जास्त दूर आहे. त्या जागी रोमन काळातली नाणी आणि खापरं सापडतात, लोकांचं येणं-जाणं पुढेही होतंच. पण ते ड्रुइडांनी बांधलं, असं म्हणायला काडीचाही आधार नाही.

"दगडाचं वय तुम्हाला कसं कळतं?" हा पुढचा प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. दगड स्वतः कोट्यवधी वर्षांचा असतो, त्या आकड्याचा आम्हाला उपयोग नसतो. तो उभा कधी केला हे हवं असतं, आणि ते दगडाच्या पायाशी कळतं. शिळा उभी करायला आधी खड्डा खणतात, शिळा त्यात सरकवतात, मग ती हलू नये म्हणून भोवती लहान दगड आणि माती ठासतात. आम्ही त्या खड्ड्याचा निम्मा भाग उभा कापतो आणि उरलेला निम्मा पुढच्या पिढीसाठी तसाच ठेवतो. कापलेल्या बाजूला मूळ जमीन आणि नंतर भरलेली माती यांतली रेघ दिसते. कोरड्या दिवशी ती रेघ दिसेनाशी होते, म्हणून पाण्याचा फवारा मारत बसावं लागतं. ठासलेल्या दगडांच्या मध्ये कोळशाचा कण, हाड किंवा खणायला वापरलेलं हरणाचं शिंग मिळालं तर त्यातल्या कार्बनवरून त्याचं वय, म्हणजे रेडिओकार्बन तारीख, काढता येते. स्टोनहेंजच्या तारखा बऱ्याचशा अशा शिंगांच्या कुदळींवरूनच आल्या. काहीच मिळालं नाही तर तारीख सांगता येत नाही, आणि वेल्समधल्या माळावर एकट्या उभ्या असलेल्या कित्येक शिळांची हीच स्थिती आहे. त्यामुळे "अमुक दगड ड्रुइडांचा" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर मी पहिल्यांदा विचारते: याचा खड्डा कोणी उघडलाय का?

बळीच्या दगडाचं सांगते. स्टोनहेंजच्या प्रवेशाशी एक आडवी शिळा आहे, तिला 'स्लॉटर स्टोन' म्हणजे कत्तलीचा दगड म्हणतात. पाऊस पडला की तिच्यावरच्या खळग्यांत पाणी साठतं आणि ते तांबूस दिसतं. दगडात लोह आहे, शिवाय शेवाळ असतं, त्याचा तो रंग. ती शिळा मुळात उभी होती, दाराशी, आणि नंतर पडली. उभ्या दगडावर कोणाला झोपवून मारणार? तिथल्याच दुसऱ्या एका शिळेच्या 'वेदीचा दगड' या नावाचीही तीच कथा आहे: नाव हजारो वर्षांनंतरचं. मात्र त्या दगडाची खरी हकिकत कुठल्याही बळीच्या गोष्टीपेक्षा थक्क करणारी आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातल्या खनिजकणांवरून दिसलं की हा साधारण सहा टनांचा दगड स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आला, म्हणजे किमान 700 किलोमीटरवरून. मोठ्या शिळा बहुतेक 25 किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्समधल्या आणि लहान 'ब्लूस्टोन' वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांमधले. इतक्या लांबून दगड आणणाऱ्यांना ते नुसतं बांधकामाचं साहित्य वाटत नसणार, हे मीही मान्य करते. फक्त ती श्रद्धा ड्रुइडांची नव्हे, त्यांच्याही फार आधीच्या माणसांची.

मग ड्रुइड त्यात शिरले कसे? याची सुरुवात मूर्खपणातून झाली नाही, उलट चांगल्या तर्कातून झाली. सतराव्या शतकात वास्तुकार इनिगो जोन्सचं मत होतं की स्टोनहेंज रोमनांचं. जुन्या वास्तूंचा अभ्यासक जॉन ऑब्रीने, ज्याने 1649 मध्ये शिकारीला गेला असताना एव्हबरीचं प्रचंड शिळावर्तुळ पाहिलं होतं, वेगळा विचार केला: अशी वर्तुळं रोमन कधी पोचलेच नाहीत तिथेही आहेत, तेव्हा ती रोमनांच्या आधीची असणार. आणि रोमनांच्या आधीचे पुरोहित म्हणून पुस्तकांत एकच नाव मिळत होतं. शिवाय तेव्हाच्या सुशिक्षित माणसाच्या हिशेबात सगळं जगच इ.स.पू. 4004 मध्ये निर्माण झालेलं. पाच हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक लोकांना त्या हिशेबात जागाच नव्हती. पुढे अशाच आणखी एका अभ्यासकाने, विल्यम स्ट्यूकलीने, 1740 मध्ये स्टोनहेंजवर आणि 1743 मध्ये एव्हबरीवर पुस्तक काढून या अंदाजाचा पंथच केला. त्याची मोजमापं आणि चित्रं आम्ही आजही वापरतो, कारण त्याच्या डोळ्यांदेखत गावकरी एव्हबरीच्या शिळा आग लावून, पाणी ओतून फोडत होते आणि त्यांतल्या काहींची नोंद फक्त त्याच्याच कागदांत उरली आहे. निष्कर्ष मात्र सोडून द्यायचे.

आपल्याकडे नाशिकची बौद्ध लेणी 'पांडवलेणी' झाली, त्याच वाटेने स्टोनहेंज ड्रुइडांचं झालं. जुनं, भव्य, कर्ता माहीत नाही, मग माहितीतलं सगळ्यांत जुनं नाव चिकटवायचं.

हे नाव चिकटवणं इंग्लंडपुरतं थांबलं नाही. 1850 च्या दशकात कर्नल मेडोज टेलर यांनी भीमेकाठच्या आणि सुरपूर भागातल्या शिळास्मारकांबद्दल मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, तेव्हा त्यांना 'सिथो-ड्रुइडी' (म्हणजे सिथियन आणि ड्रुइड लोकांचे) अवशेष म्हटलं. नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं उकरणारे रिव्हेट-कार्नॅक यांनीही युरोपातल्या वर्तुळांशी त्यांची तुलना केली. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे शास्त्रशुद्ध उत्खननं झाली. लोखंडी हत्यारं, तांब्याच्या साजासकट पुरलेले घोडे, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी निघाली. ही वर्तुळं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या लोहयुगाची, मृतांच्या स्मरणार्थ रचलेली. गंमत बघा, काळाच्या दृष्टीने विदर्भातली ही वर्तुळं स्टोनहेंजपेक्षा ड्रुइडांना जास्त जवळची आहेत! आणि तरीही दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वर्तुळ दिसलं म्हणून नातं जोडायचं नाही, एवढं त्यावरून मी शिकाऊ मुलांना सांगत असते.

मग ड्रुइडांच्या काळात दगड पवित्र नव्हतेच का? होते. फक्त ते प्रसिद्ध दगड नव्हेत. आयर्लंडमध्ये गॉलवे परगण्यातला टुरोचा दगड घ्या. घुमटासारखा घडवलेला ग्रॅनाइट, साधारण पुरुषाच्या छातीपर्यंत उंच, आणि वरचा सगळा भाग वळणावळणाच्या वेलींसारख्या नक्षीने भरलेला. ही नक्षी ठळक कोरलेली आहे, भोवतालचा दगड छिन्नीने खाली नेऊन. नक्षीखाली एक पट्टा पायऱ्यांसारख्या नागमोडीचा. ही शैली लोहयुगातल्या केल्टिक जगाची आहे, तलवारींच्या म्यानांवर आणि आरशांवर तीच दिसते, म्हणून काळाबद्दल शंका कमी. कॅव्हन परगण्यातला किलीक्लगिनचा दगडही अशाच कोरीव कामाचा. तो फुटलेला सापडला, आणि त्याच भागात संत पॅट्रिकने क्रोम क्रुआख नावाची सोन्याने मढवलेली मूर्ती पाडली अशी मध्ययुगीन कथा आहे. दोन्ही जुळवायचा मोह होतो. मी जुळवत नाही, कारण फुटलेला दगड तो कोणी फोडला हे सांगत नाही.

फ्रान्समध्ये ब्रिटनी भागात लोहयुगातल्या घडीव, कमी उंचीच्या शिळा पुष्कळ आहेत, बऱ्याचशा दफनभूमींजवळ. पर्यटक मात्र जातात कार्नाकच्या हजारो उभ्या दगडांकडे, जे त्यांच्याही हजारो वर्षं आधीचे. दक्षिणेत, मार्सेय शहराजवळ रोकपेर्तूझ इथे दगडी खांब सापडले, ज्यांत माणसाची कवटी बसेल अशी कोनाडी कोरलेली आहेत. ड्रुइडांशिवाय यज्ञ-बळी होत नसे, असं ग्रीक लेखक सांगतात. ते धरलं तर अशा ठिकाणी एखादा ड्रुइड उभा असणं संभवतं. माझ्या मते 'ड्रुइडांचा दगड' या शब्दांच्या सगळ्यांत जवळ आपण इथेच पोचतो, आणि इथेही 'संभवतं' म्हणूनच थांबावं लागतं.

आयरिश कथांतला दगड वेगळा. तारा टेकडीवरचा लीअ फॉल खरा राजा त्यावर उभा राहिला की गर्जना करायचा. एकदा तो ओरडला नाही म्हणून चिडलेल्या कू खुलन या कथांतल्या वीराने तलवारीने चिरला, असंही सांगतात. या कथा लिहिल्या ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनी, ड्रुइड संपल्यानंतर काही शतकांनी. दगडाचा राजेपणाशी संबंध ही कल्पना जुनी असावी असं मला वाटतं, पण आज तिथे दाखवतात ती शिळा एकोणिसाव्या शतकात टेकडीवरच दुसरीकडून हलवून आणलेली आहे. गॉलमध्येही चर्चच्या परिषदा पाचव्या ते सातव्या शतकांत झाडं, झरे आणि दगड पुजणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दटावत होत्या. पुन्हा पुन्हा दटावावं लागतं याचा अर्थ लोक पुजत होते. पण ते गावकरी होते. प्रत्येक शेंदूर लावणारा जसा भटजी नसतो, तसा प्रत्येक दगड पुजणारा ड्रुइड नव्हता.

आता तुमचा भोकाचा दगड. प्राचीन लेखनात ड्रुइडांशी थेट जोडलेला हातात मावणारा पवित्र गोळा एकच: प्लिनीचं 'सापाचं अंडं'. सापांचा झुबका फुत्कारत लाळेचा गोळा तयार करतो, तो वर उडतो, जमिनीला लागण्याआधी कापडात झेलायचा आणि घोड्यावरून पळ काढायचा, कारण साप नदी आडवी येईपर्यंत पाठलाग करतात. सोन्यात मढवला तरी तो प्रवाहाविरुद्ध तरंगतो, आणि खटले जिंकून देतो. प्लिनी म्हणतो, मी स्वतः पाहिलंय: मध्यम सफरचंदाएवढं, ऑक्टोपसच्या भुजांवर असतात तशा वाट्यांनी भरलेलं. गॉलमधल्या व्होकाँती जमातीच्या एका रोमन सरदाराने खटल्याच्या वेळी ते छातीशी ठेवलं म्हणून सम्राट क्लॉडियसने त्याला ठार केलं, असंही तो नोंदवतो. ती वस्तू काय असावी? कोणी सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचा जीवाश्म म्हणतं, कोणी समुद्री गोगलगाईच्या अंड्यांचा पुंजका. वाट्यांचं वर्णन पाहता मला दुसरा तर्क बरा वाटतो.

पुढे वेल्स, कॉर्नवॉल आणि स्कॉटलंडमध्ये हीच सापाची गोष्ट वेगळ्याच वस्तूला लागली: शेतात मिळणाऱ्या रंगीत काचेच्या मण्यांना. सतराव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड लॉइड या वेल्श अभ्यासकाने अशा मण्यांच्या नोंदी केल्या. लोक ते डोळ्यांच्या दुखण्यावर वापरत. त्यांतले काही मणी खरोखर लोहयुगातले किंवा रोमन काळातले असतात, म्हणजे वस्तू जुनी पण श्रद्धा नंतरची. तुम्हाला विकायला काढलाय तो बहुधा साधा चकमकीचा गोटा, त्यातलं भोक निसर्गाने पाडलेलं. असे दगड घोड्यांना रात्री चेटकीण छळू नये म्हणून तबेल्यात टांगत, ही नोंद त्याच जॉन ऑब्रीची. इंग्लंडची लोकरीत म्हणून ती छान आहे. ड्रुइडांचं नाव त्यावर दुकानदाराने लावलंय, आणि त्या नावाचे जादा पैसे देऊ नका. घ्यायचाच असेल तर आवडला म्हणून घ्या. किनाऱ्यावरून स्वतः उचलायचा विचार असेल तर आधी पाटी वाचा, कित्येक किनाऱ्यांवर गोटे न्यायला मनाई आहे.

वेल्समध्ये एका गोष्टीपासून सावध राहा. गावातल्या बागेत मधोमध सपाट शिळा आणि भोवती नीटस दगडांचं वर्तुळ दिसलं, की पर्यटक हमखास फोटो काढून 'प्राचीन ड्रुइड मंदिर' लिहितात. ती वर्तुळं बहुतेक गेल्या शे-दीडशे वर्षांतली, वेल्श कवितेच्या महोत्सवासाठी उभारलेली. वर्तुळात कवींना मान देण्याचा हा विधी सुरू केला योलो मोर्गानुग या टोपणनावाच्या कवीने, 1792 मध्ये, लंडनच्या प्रिमरोज हिलवर, खिशातले खडे मांडून. प्राचीन म्हणून त्याने पुढे केलेलं बरंचसं त्याचं स्वतःचं होतं. हल्ली महोत्सवाला फायबरग्लासचे दगड ट्रकमधून नेतात. हसू नका, त्या वर्तुळात कवीला मान मिळताना माझ्या ओळखीचे वेल्श लोक डोळे पुसतात. सव्वादोनशे वर्षांची परंपरा ही खरी परंपराच आहे, फक्त ती प्राचीन म्हणून सांगू नये. आजच्या ड्रुइडांबद्दलही माझं हेच म्हणणं. त्यांच्यातल्या काहींनी एव्हबरीच्या संग्रहालयातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याचं पुन्हा दफन व्हावं अशी मागणी केली होती. 2010 मध्ये ती नाकारली गेली. निर्णय मला योग्य वाटतो, पण मेलेल्यांशी आपण कसं वागतो हा त्यांचा प्रश्न मला अजिबात वेडगळ वाटत नाही.

जायच्या दृष्टीने सांगते. स्टोनहेंजला नेहमीच्या तिकिटावर दोरीबाहेरूनच बघता येतं. जूनच्या अयनदिनी रात्रभर आत फुकट सोडतात, पण हजारोंची गर्दी असते आणि लहान मुलं बरोबर असतील तर जड जातं. त्यापेक्षा एव्हबरीला अर्धा दिवस काढा, तिथे शिळांना हात लावता येतो, वर्तुळातच गाव आहे. अँगलसीला जमलं तर ब्रिन केली दी ही नवाश्मयुगीन दफनवास्तू बघा, अयनदिनाच्या सुमारास उगवत्या सूर्याची तिरीप थेट आतल्या दालनात जाते. तीही ड्रुइडांची नाही. ड्रुइडांच्या काळातलं बघायचं असेल तर लिन केरिग बाखच्या वस्तू वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. सध्या कोणत्या इमारतीत मांडल्या आहेत ते निघण्याआधी वेबसाइटवर तपासा, आणि गेलात की आधी ती साखळी शोधा.